तीस थेंब

अक्काचा संशयी स्वभाव हा तिच्या पोटापाण्याचा भाग होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही उगाच लवकर रागवाल. पुढे रागवायला भरपूर जागा आहे, तेव्हा खुशाल रागवा.

तिचं रंगाचं दुकान होतं. खाली दुकान, मागे गोदाम, वर दोन खोल्या. लोक घराच्या भिंतीचा एखादा पापुद्रा कागदात गुंडाळून आणायचे आणि म्हणायचे, "अक्का, अगदी हाच रंग हवा. साधा पांढराच आहे." अक्का तो पापुद्रा खिडकीशी न्यायची, उलटा करायची, नखानं खरवडायची. "पांढरा म्हणे! यात पिवळा आहे, काळ्याचा वास लावलाय, आणि कोणीतरी शहाण्यानं लालही घातलाय." गिऱ्हाईक खजील व्हायचं. समोरच्या दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं होतं, पण अर्धी भिंत रंगवलेली आणि अर्धी राहिलेली असली की रंगारी मुकाट्यानं अक्काकडेच येत. ती स्टुलावर बसायची, ड्रॉपरनं एक थेंब टाकायची, ढवळायची, पत्र्याच्या तुकड्यावर रंग ओढून सुकायला ठेवायची. सुकल्यावर बघायचं. जुळला नाही, तर आणखी एक थेंब. अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं होतं. तुम्ही लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "रंग जुळला नाही."

दुकानात दुसरं माणूस एकच, तिचा धाकटा भाऊ. आईनं लाडानं त्याला ठोंब्या म्हटलं होतं, कारण लहानपणी एका जागी बसवला की संध्याकाळपर्यंत तिथेच सापडायचा. आता छत्तिशीचा झाला तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. डब्यांची झाकणं ठोकायची, लेबलं लिहायची, चिकटवायची, हे त्याचं काम. अक्षर असं सुरेख की गिऱ्हाइकं रिकामे डबेही टाकत नसत.

सहा वर्षांपूर्वी ठोंब्या आजारी पडला. डोक्याचा आजार. अक्कानं तो कधी लपवला नाही आणि गावभर सांगतही सुटली नाही. सुरुवात चालण्यापासून झाली होती. दुकान ते गोदाम, गोदाम ते दुकान, दिवसभर. मग बारीक, मुंगीएवढ्या अक्षरांत वह्या भरू लागला. मग शेजारपाजारचे आपल्याला विष घालतात असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं खाणं सोडलं. अकरा दिवस. दवाखान्यात नेलं, तिथलंही खाईना. शेवटी अक्कानं घरून डबा नेला, स्वतःच्या हातानं घास भरवला, आणि तो त्यानं गिळला. "तुझ्या हातचं चालेल," म्हणाला. डॉक्टर म्हणाले, औषध तर आहेच, पण या माणसाला आधी जगवलंय ते या बाईच्या हातानं. चार महिन्यांनी घरी आला तेव्हा दारातच थांबून म्हणाला, "अक्का, परत तिथे नको पाठवूस." अक्कानं वचन दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती गोळी द्यायची, तो गिळायचा, आणि तोंड उघडून दाखवायचा. ती म्हणायची, "शाबास." तो म्हणायचा, "पुरे ग, मी काय लहान आहे?"

सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त गोळीनं तो सुटायला लागला होता. पॅन्टची बटणं लागेनात. अक्काच डॉक्टरबाईंना म्हणाली, याचा देह आवरता येईल असं काहीतरी द्या. त्यांनी गोळी बदलून दिली.

आणि पंधरा दिवसांत ठोंब्या चालायला लागला.

आधी अक्कानं मनावर घेतलं नाही. मग तिनं पाहिलं की तो जेवतानाही चार घास खाऊन उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. स्टुलावर बसला तर मांड्या अशा हलवतो की स्टूल वाजतं. उभा राहिला तर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. हेच ते. असंच सुरू झालं होतं.

"काय होतंय रे तुला?"

"काही नाही. पाय गप्प बसू देत नाहीत."

"कोण बसू देत नाही?"

"पाय ग. पाय!"

पाय माणसाला बसू देत नाहीत, असं कधी ऐकलंय का तुम्ही? अक्कानंही नव्हतं ऐकलं. तिला वाटलं, आता हा पायांचं ऐकायला लागला. म्हणजे परत आवाज सुरू झाले.

नेमका त्याच आठवड्यात लंबू रंगारी दुकानात आला. हा माणूस शिडीशिवाय छत रंगवायचा आणि विचारल्याशिवाय सल्ले द्यायचा. ठोंब्याच्या फेऱ्या बघून तो अक्काच्या कानाशी वाकला. "गोळ्या घेतो ना नीट? नाही, माझा मेहुणा अशीच गोळी जिभेखाली ठेवायचा आणि नंतर थुंकायचा. तोंड उघडून दाखवायचा बरं का, अगदी आ करून. दोन वर्षं आम्हाला बनवलं पठ्ठ्यानं."

झालं. पेटवून लंबू निघून गेला. जाताना दोन डबे उधार घेऊन गेला ते वेगळंच.

त्या दिवसापासून अक्कानं भावाला पापुद्र्यासारखं खरवडायला घेतलं. गोळी दिल्यावर जीभ वर करायला लावली, गालात बोट घातलं. काही सापडलं नाही, म्हणजे तो आणखी हुशार झालाय. तो न्हाणीघरात गेला की ती दाराला कान लावून उभी राहायची. उशीचा अभ्रा उलटा केला, चपलांच्या आत पाहिलं, गोदामातले रिकामे डबे एकेक करून उपडे केले. शेवटी एका शर्टाच्या खिशात, शिवणीत, तिला पांढरी पूड सापडली.

"धरलं!" ती मोठ्यानं म्हणाली.

आता रंगाच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या खिशात पांढरी पूड सापडणं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यात माशी सापडण्याइतकं नवल. तिच्या स्वतःच्या खिशातही ती होती, केसांत होती, चहाच्या डब्याच्या झाकणावर होती. अठ्ठावीस वर्षं खडूची पूड हाताळलेली बाई, पण तिनं ती जिभेवर ठेवून पाहिली आणि तिला ती कडू लागली. संशय आला की जीभसुद्धा त्याच्याच बाजूनं बोलते. गोळ्या कुटून खिशात घालतो आणि बाहेर जाऊन झटकतो, असं तिनं ठरवून टाकलं.

ठोंब्याला न सांगता ती डॉक्टरबाईंकडे गेली. बाहेर वीस माणसं बसली होती. "गोळ्या थुंकतो," अक्का म्हणाली. "दिवसभर चालतो. पाय काहीतरी सांगतात म्हणतो. मागे असंच सुरू झालं होतं."

"थुंकतो हे नक्की?"

"पुरावा आहे माझ्याकडे."

डॉक्टरबाईंनी कपाळ चोळलं. "त्यांना घेऊन या मग. बघून ठरवू."

"तो येणार नाही. त्याला वाटेल भरती करायला आणलं."

बाईंनी एक छोटी बाटली लिहून दिली. पाण्यासारखं औषध, रंग नाही, चव जवळजवळ नाही. "चहातून दहा थेंब, सकाळी. हे मला आवडत नाही, पण खाणं सोडेपर्यंत थांबण्यापेक्षा बरं. मात्र आठ दिवसांत त्यांना माझ्यासमोर आणा. आणायचंच."

"आणते," अक्का म्हणाली. आणलं नाही.

थेंब टाकण्यात तिचा हात कोण धरणार! दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीकडे तोंड करून, भावाकडे पाठ करून, तिनं दहा थेंब मोजले. एकही इकडेतिकडे नाही. कप तिनं त्याच्यासमोर ठेवला. याच हातचं चालेल म्हणाला होता तो. पण मग तिनं स्वतःला दटावलं: याच्या भल्यासाठीच ना? भरती व्हायला नको म्हणूनच ना? वचन पाळायचं तर हे करायलाच हवं. आणि ठोंब्या चहा प्यायला, कप ठेवला, आणि चालायला लागला.

चार दिवसांनी तो जास्तच चालायला लागला. अक्कानं पंधरा थेंब केले. मग वीस. कसं आहे, अठ्ठावीस वर्षं ज्या बाईनं रंग जुळला नाही की आणखी एक थेंब टाकला, तिला दुसरं काही सुचायचं कसं? रंगाच्या बाबतीत निदान सुकेपर्यंत थांबायची तरी. इथं तेवढाही धीर तिला नव्हता. जास्त झालं असेल, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. कमीच पडतंय, हेच तिला दिसत होतं.

आणि नवनवीन पुरावे रोज सापडत होते. ठोंब्याचा चेहरा थिजल्यासारखा झाला. विनोद केला तरी ओठ हलेनात. चालताना हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत, हलत नसत. सकाळी उशी लाळेनं भिजलेली. आणि लेबलं! आधी अक्षर थोडं लहान झालं, मग आणखी लहान. एके दिवशी एका बाईनं डबा परत आणला. "अक्का, यावर काय लिहिलंय ते सूक्ष्मदर्शकातून वाचू का मी?" अक्कानं लेबल पाहिलं. मुंगीएवढी अक्षरं. वह्यांमधली तीच. हा मुद्दाम बारीक लिहितो, माझ्यापासून काहीतरी लपवतो.

"नीट मोठं लिही ना रे!"

"मोठंच लिहितोय," ठोंब्या म्हणाला. "लिहिता लिहिता आपोआप लहान होतं."

"आपोआप! तुझं सगळंच आपोआप होतं."

थोड्या वेळानं दुकानाच्या दारातून परत फिरताना तो म्हणाला, "अक्का, चहात काहीतरी वेगळं लागतं का ग तुला?"

अक्काच्या हातातला ड्रॉपर तसाच राहिला. "काय लागतं?"

"शेवटी जरा कडवट. जिभेच्या मागे."

"भास आहे तुझा," ती म्हणाली.

किती पटकन म्हणाली! तिचं तिलाही कळलं नाही. सहा वर्षांत तिनं तो शब्द त्याच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. ठोंब्यानं मान खाली घातली. "हो," म्हणाला. "तसंच असेल." आणि गोदामाकडे चालू लागला.

पण आता तो तिच्याकडे बघायला लागला. ती चहा करायला उठली की फेऱ्या स्वयंपाकघराच्या दाराजवळून व्हायला लागल्या. ती वळली की तो दुसरीकडे बघणार. दोघं एकमेकांवर नजर ठेवून, तोंडानं मात्र "झाकणं संपली का रे", "संपली, उद्या आणतो". घरात दोनच माणसं आणि दोघंही पहाऱ्यावर. अक्काला रडू यायचं आणि मग राग यायचा. ज्याच्यासाठी मी मरते आहे, तो माझ्यावरच संशय घेतो! थेंब तीस झाले.

एका सकाळी ठोंब्यानं कप पुढे सरकवला. "आज नको."

"का?"

"नको वाटतं."

"अरे, नको वाटतं म्हणजे काय? उद्या जेवणही नको वाटेल तुला. परवा पाणी नको वाटेल. मला काय माहीत नाही कसं होतं ते?"

त्यानं वर पाहिलं. थिजलेल्या चेहऱ्यात डोळे तेवढे जिवंत होते. "अक्का, रागवू नकोस. तू यात काही घालतेस का?"

हीच ती वेळ होती. खरं सांगायची वेळ, हो. पण अक्काला समोर दिसत होते ते अकरा दिवस. आपण हो म्हटलं तर हा आपल्या हातचंही खाणार नाही, आणि मग याला जगवायचं कोणी? तिनं कप उचलला. "हे बघ. घालत असते तर मी प्याले असते का?" आणि तीस थेंबांचा तो चहा ती एका दमात, शेवटच्या घोटापर्यंत, प्याली. कप उपडा करून दाखवला. "झालं समाधान?"

तो रिकाम्या कपाकडे बघत राहिला. मग खुर्चीवर बसला. पाय हलतच होते, दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसला.

"म्हणजे माझंच," तो हळू म्हणाला. "परत सुरू झालं माझं. मी तुझ्यावर संशय घ्यायला लागलो, अक्का. तुझ्यावर! मागच्या वेळीसुद्धा मी असा नव्हतो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला भरती कर. मीच म्हणतोय. तुझं वचन मी परत केलं."

"अरे, वेडा आहेस का, लगेच—"

"तेच तर म्हणतोय मी," ठोंब्या म्हणाला.

आणि तो वर गेला. अक्काला छतावर त्याची पावलं ऐकू येत होती, कपाटाचं दार ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं तो कापडी पिशवी भरून खाली आला. टॉवेल, दोन शर्ट, दात घासायचा ब्रश. डॉक्टरबाईंना स्वतःच फोन केला, चार वाजताची वेळ घेतली. मग पिशवी काउंटरवर ठेवली आणि दुकान ते गोदाम फेऱ्या घालत चार वाजायची वाट पाहू लागला.

अक्का स्टुलावर बसली होती. एका शाळेच्या भिंतीचा करडा जुळवायचा होता. थेंब टाकायची, ढवळायची, आणि मनात म्हणायची, बरंच झालं, तिथे नीट बघतील त्याला. मी काही पाठवलं नाही, तो स्वतःहून चालला. असं ती मनाला समजावत होती आणि मन काही ऐकत नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला तिला स्टूल टोचायला लागलं. ती जरा सरकली. परत सरकली. उठली, पाणी प्यायली, बसली. पुन्हा उठली. पोटऱ्यांच्या आत, हाडाच्याही आत, काहीतरी वळवळत होतं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं वाटावं असं काहीतरी. बसलं की सगळ्या अंगातून एकच ओरड: ऊठ! उठलं की घटकाभर बरं. उभं राहिलं की परत ओरड: चाल! जीव नुसता घाबरा झाला होता, आणि कशानं तेही कळत नव्हतं. पत्र्यावरचा करडा न बघताच ती दारापर्यंत गेली, परत आली.

आणि तिच्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? यानंच मला काहीतरी घातलं! मघाशी जेवणाचं ताट यानं वाढलं होतं. सूड घेतला माझ्यावर! ती तरातरा स्वयंपाकघरात गेली, ताट उचलून हुंगलं, पाण्याचं भांडं उजेडात धरलं. तिथून फडताळाशी गेली, डबे उघडून बघू लागली, आणि चहाच्या डब्याच्या मागे तिची स्वतःची बाटली होती.

तिनं ती हातात घेतली. अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी. पाय जागच्या जागी नाचत होते. डावा, उजवा, डावा, उजवा.

"पाय गप्प बसू देत नाहीत."

त्यानं सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, सरळ शब्दांत सांगितलं होतं. तो पायांचं ऐकत नव्हता. हे होत होतं त्याला. दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, हे असलं. आणि तासाभरातच तिचा जीव नकोसा झाला होता.

"देवा रे," अक्का म्हणाली आणि भिंतीला धरून उभी राहिली. उभंही राहवेना.

त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. ती तीन वेळा सांगायला गेली. पहिल्यांदा तो झाकणं ठोकत होता, म्हणाला, "एवढं संपवून जातो, मग तुला त्रास नको." दुसऱ्यांदा झाकणं किती उरली तेवढंच विचारून ती परत आली. तिसऱ्यांदा त्यानं तिच्या येरझाऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "काळजी करू नकोस ग एवढी. मी जातोय म्हणून अशी फिरतेस ना? तिथे मी जेवीन. तू डबा आण फक्त." हे ऐकल्यावर कोण बोलणार? पण तसाच भरती झाला असता तर? आपल्याला वेड लागलंय अशी खात्री मनाशी धरून तो त्या खाटेवर चार महिने पडला असता, आणि ती खात्री त्याला कोणी दिली होती? अक्कानं. कप उपडा करून.

दोघं दवाखान्यात चालतच गेले. बसमध्ये बसणं दोघांनाही शक्य नव्हतं. बाटली तिच्या पर्समध्ये होती.

डॉक्टरबाईंच्या खोलीत ठोंब्या पिशवी मांडीवर घेऊन बसला. पिशवी हिंदकळत होती. "बाई, परत तेच झालंय," तो म्हणाला. "यावेळी अक्कावरच संशय घेतला. चहात काहीतरी घालते म्हणालो. तिनं माझ्यासमोर तो चहा पिऊन दाखवला, तरी आतून वाटतच राहिलं. मला ठेवून घ्या."

डॉक्टरबाईंनी अक्काकडे पाहिलं. "तुम्ही बसा ना."

"नको," अक्का म्हणाली. ती दारापासून वजनकाट्यापर्यंत आणि वजनकाट्यापासून दारापर्यंत चालत होती.

बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग ठोंब्याच्या पायांकडे. मग परत तिच्या. पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही काय घेतलंत?"

अक्कानं पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली.

"त्याचा चहा," अक्का म्हणाली. "त्यात तीस थेंब होते." आणि मग बांध फुटला. "मीच घालत होते, बाई. तुम्ही दहा सांगितले, मी तीस केले. तो चालायचा तर मला वाटायचं कमी पडतं. थुंकतो म्हणून सांगितलं तुम्हाला, पण मी पाहिलं नव्हतं. नुसती पूड होती ती. खडूची."

बाई ठोंब्याकडे वळल्या. "गोळ्या घेत होतात?"

"एकही चुकवली नाही."

"म्हणजे गोळी, आणि वर हे थेंब." बाईंनी डोळे मिटले. "आणि तुम्हाला न बघता लिहून दिले मी. माझीही चूक आहे ही." त्यांनी त्याचे हात कोपरातून वाकवून पाहिले, कागदावर नाव लिहायला लावलं, अक्षर बारीक होत गेलेलं पाहिलं. मग समजावून सांगितलं. हे चालणं आजाराचं नव्हतं, औषधाचं होतं. नव्या गोळीनं सुरू झालं, थेंबांनी वाढवलं. थिजलेला चेहरा, लाळ, बारीक अक्षर, सगळं त्यातलंच. थेंब आजपासून बंद, गोळी बदलायची, आणि पायांसाठी वेगळी एक गोळी. "काही दिवसांत तुम्हाला बसता येईल. अक्षर यायला थोडा वेळ लागेल. ताई, तुमचं उद्यापर्यंत उतरेल. भरतीची काही गरज नाही."

ठोंब्या ऐकत होता की नाही, कोण जाणे. तो अक्काकडे बघत होता. आता ओरडेल, आता उठून निघून जाईल, म्हणून अक्का अंग चोरून चालत होती.

"म्हणजे चव होती?" त्यानं विचारलं.

"होती."

"कडवट?"

"कडवट."

"आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहायचीस. काचेत दिसायचं मला. मी म्हणायचो, हे दिसतंय तेही खरं नसणार." तो उठला. "खरंच घालत होतीस ना? नक्की?"

"हो रे," अक्का रडत म्हणाली. "नक्की."

"माझी शपथ घेऊन सांग."

"तुझी शपथ. मी घालत होते."

आणि ठोंब्या हसायला लागला. चेहरा हलत नव्हता, ओठ तसेच थिजलेले, पण घशातून हसू उसळून येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. "बाई, ऐकलंत? घालत होती ती! मला भास नाही झाला! मला कळत होतं सगळं!" पिशवी उचलून तो बाहेर गेला, आणि बाहेर नंबर लावणाऱ्या बाईंना, आयुष्यात त्यांच्याशी दोन शब्द न बोललेला माणूस, सांगू लागला, "माझी बहीण मला खरंच औषध घालत होती! चहातून!" त्या बाई बिचाऱ्या उठूनच उभ्या राहिल्या.

अक्काला वाटलं, यानं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर सोसलं असतं. ही त्याची खुशी तिला सोसवेना.

परत जाताना दोघं शेजारी शेजारी, झपाझप चालत होते. उन्हं कलली होती, दुकानांच्या फळ्या अजून उघड्या होत्या. ठोंब्या मजेत होता. मध्येच म्हणाला, "तीस थेंब! मोजून?" अक्का म्हणाली, "मोजून." तो परत हसला.

बऱ्याच वेळानं, रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा, तो म्हणाला, "अक्का, उद्यापासून माझा चहा मी करीन." आवाजात राग नव्हता. झाकणं आणायला हवीत असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. "जेवणाचंही माझं मी बघीन."

"बरं," अक्का म्हणाली.

गाड्या जात होत्या. दोघांचे पाय जागच्या जागी हलत होते.

"तुझ्यासाठीही करीन हवं तर," ठोंब्या म्हणाला. "पण तू समोर उभी राहा. मी काय काय घालतो ते बघत जा."

रस्ता मोकळा झाला. अक्का पुन्हा "बरं" म्हणाली आणि त्याच्या मागून चालू लागली.